लंडन 'कव्हर' करणाऱ्यांनो, जरा वर या!

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना लवकर येईल आणि बाकीच्यांना पुढचं निवांत वाचता येईल. लंडनची भुयारी रेल्वे, तिथल्या भाषेत ट्यूब, ही ऑफिसला जायला अतिशय उत्तम सोय आहे. आणि लंडन बघायला तिच्याइतकं वाईट साधन दुसरं नाही.

हे लिहायचं कारण म्हणजे एक एक्सेल शीट. लंडनला ऑनसाईट आलेल्या जवळजवळ प्रत्येक टीममध्ये ही असतेच. जुनी बॅच नव्या बॅचला प्रोजेक्टच्या डॉक्युमेंट्सपेक्षाही जास्त जबाबदारीने ती सोपवते. (नॉलेज ट्रान्सफर म्हणतात ते हेच बहुतेक.) पहिल्या कॉलममध्ये स्टेशनचं नाव, दुसऱ्यात 'काय बघायचं', तिसऱ्यात मिनिटं. वेस्टमिन्स्टर, बिग बेन, २० मिनिटं. टॉवर हिल, टॉवर ब्रिज, ३० मिनिटं. बेकर स्ट्रीट, शेरलॉक होम्स, १५ मिनिटं. साउथ केन्सिंग्टन, म्युझियम (बाहेरून!), १० मिनिटं. शेवटी ऑक्सफर्ड सर्कसला शॉपिंग, आणि त्याखाली ठळक अक्षरात 'लंडन कव्हर्ड'. सकाळी दिवसभराचा पास काढायचा आणि रात्रीपर्यंत तो वसूल करायचा. बुफेमध्ये चौथा गुलाबजाम खातात ना, त्याच भावनेने लोक सातवी ट्रेन पकडतात.

आपली भाषाच बघा. आपण शहर बघत नाही, 'करतो'. लंडन केलं, पुढच्या लाँग वीकेंडला पॅरिस करणार, स्वित्झर्लंड राहिलंय. शहर म्हणजे जणू टू-डू लिस्टमधला टास्क, स्टेटस क्लोज्ड. आणि हे 'करणं' ज्या यंत्राने सगळ्यात सोपं होतं ते यंत्र म्हणजे ट्यूब. जमिनीखाली शिरायचं, ठरलेल्या ठिकाणी बाहेर यायचं, फोटो काढायचा, परत जमिनीखाली. उंदीर आणि आपण यांत फरक एवढाच की उंदराकडे पास नसतो.

आता ट्यूबला शिव्या घालायचा माझा अजिबात हेतू नाही. जगातली पहिली भुयारी प्रवासी रेल्वे १० जानेवारी १८६३ ला लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन धावायला लागली. तीही वाफेच्या इंजिनावर, बोगद्यात! आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू होऊन तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. खोल बोगद्यातली विजेवर चालणारी पहिली गाडी १८९० मध्ये आली. आज ११ लाईन्स, २७२ स्टेशनं आणि सुमारे ४०० किलोमीटरचं जाळं आहे. इंजिनिअर माणसाने हात जोडावेत असंच काम आहे ते, मी जोडतोही. पण पाण्याची पाईपलाईन कितीही उत्तम असली म्हणून कोणी तिच्यातून नदी बघायला जात नाही.

मुळात सगळा घोटाळा त्या नकाशाचा आहे. ट्यूबचा तो रंगीत, सरळ रेघांचा नकाशा तुम्ही टी-शर्टवर, मगवर, कुठेतरी पाहिलेलाच असेल. तो १९३१ मध्ये हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने काढला. रेल्वेच्या सिग्नल विभागात काम केलेला, तेव्हा तिशीच्या आतला, म्हणजे आपल्याच वयाचा माणूस. त्याच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. जमिनीखाली असलेल्या माणसाला वर काय आहे याच्याशी काय देणंघेणं? त्याला फक्त कुठली लाईन, कुठे बदलायची, किती स्टेशनं, एवढं कळलं की झालं. मग त्याने खरी अंतरं सोडून दिली, वळणं काढून टाकली आणि सर्किट डायग्रामसारख्या आडव्या, उभ्या आणि तिरक्या रेघा मारल्या. साहेबांनी आधी नाकारला, पण १९३३ मध्ये खिशात मावेल अशा आकारात छापला आणि लोकांनी तो उचलून धरला. आज जगातल्या बहुतेक मेट्रोंचे नकाशे त्याच घराण्यातले आहेत.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे ॲबस्ट्रॅक्शन आहे, आणि अप्रतिम ॲबस्ट्रॅक्शन आहे. पण ते एका कामासाठी केलेलं आहे, गाडी बदलण्यासाठी. ते वापरून शहर बघणं म्हणजे डेटाबेसचा स्कीमा वाचून ग्राहक ओळखल्याचा दावा करणं. नकाशावर स्टेशनं कशी जोडलेली आहेत ते बरोबर आहे. ती किती लांब आहेत, कुठल्या दिशेला आहेत, मध्ये काय आहे, ते त्यात नाहीच. बेकने ते मुद्दाम काढून टाकलंय, आणि आपण ते तिथे आहे असं समजून चालतो. म्हणजे चालतच नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे!

उदाहरणं देतो. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन. नकाशावर एक अख्खं स्टेशन, प्रत्यक्षात अंतर सुमारे २६० मीटर. म्हणजे सोसायटीच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानापर्यंत. गाडीला मिनिटभरसुद्धा लागत नाही. पण त्या एका मिनिटासाठी तुम्ही आधी सरकत्या जिन्यांवरून खोल उतरता, गाडीची वाट बघता, आणि कॉव्हेंट गार्डनला पोचल्यावर कळतं की इथे सरकते जिने नाहीतच. एकतर लिफ्टच्या रांगेत उभे राहा, नाहीतर १९३ पायऱ्यांचा गोल जिना चढा. पायी गेलात तर चार-पाच मिनिटं, वाटेत पुस्तकांची दुकानं, थिएटरं, गल्ल्या. दुसरं उदाहरण बेजवॉटर आणि क्वीन्सवेचं. दोन वेगळ्या लाईन्सवरची दोन वेगळी स्टेशनं, पण दोन्ही एकाच रस्त्यावर, काही पावलांच्या अंतरावर. एकातून दुसऱ्यात ट्रेनने जायचं म्हटलं तर गाडी बदलत वळसा घालावा लागतो.

तुम्ही म्हणाल, नवख्या माणसाला नाही कळत, लंडनकरांना कळत असेल. नाही हो! न्यूयॉर्क विद्यापीठातल्या झान गुओ यांनी २०११ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की मार्ग निवडताना प्रवाशांवर प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेपेक्षा नकाशावर दिसणाऱ्या अंतराचा परिणाम जास्त होतो. याहून मजेशीर गोष्ट फेब्रुवारी २०१४ ची. ट्यूबचा दोन दिवस संप झाला, बरीच स्टेशनं बंद राहिली, लोकांना नाइलाजाने दुसरे रस्ते शोधावे लागले. नंतर काही अर्थशास्त्रज्ञांनी कार्डांचा डेटा तपासला, तर संप मिटल्यावरही साधारण पाच टक्के लोक जुन्या मार्गावर परतलेच नाहीत. त्यांना चांगला मार्ग सापडला होता! रोज त्याच शहरात राहणारी माणसं वर्षानुवर्षं चुकीच्या रस्त्याने ऑफिसला जात होती, आणि नकाशा जिथे जास्त वाकडा आहे तिथे हे जास्त आढळलं. शेवटी नोव्हेंबर २०१५ मध्ये खुद्द तिथल्या वाहतूक खात्यानेच एक नकाशा काढला, ज्यात दोन स्टेशनांमध्ये पायी किती मिनिटं लागतात ते लिहिलंय. ज्याची गाडी आहे तोच सांगतोय की बाबांनो, चाला. आणि आपण पास वसूल करतोय.

पण वेळ हा छोटा मुद्दा झाला. मोठं नुकसान वेगळंच आहे. शहर हे 'पॉइंट्स'मध्ये नसतं, ते दोन पॉइंट्सच्या मध्ये असतं. माथेरानचं ठीक आहे, तिथे पॉइंटच बघायचे असतात.

वेस्टमिन्स्टरला बिग बेनचा फोटो काढून झाला की आपली मंडळी परत खाली उतरतात आणि ट्रॅफल्गार चौकासाठी एम्बँकमेंटला बाहेर येतात. वरून गेलात तर व्हाइटहॉल हा एकच सरळ रस्ता आहे, दहा-बारा मिनिटांचा. त्या एका रस्त्यावर डाउनिंग स्ट्रीटचं फाटक आहे, पहिल्या महायुद्धानंतर उभारलेलं सेनोटाफ हे स्मारक आहे, घोडेस्वार पहारेकरी आहेत. ज्या सरकारी कचेऱ्यांमधून निम्म्या जगावर राज्य केलं, त्यात आपणही आलो, त्या तिथेच ओळीने उभ्या आहेत. एका टोकाला पार्लमेंट, दुसऱ्या टोकाला खांबावर नेल्सन, आणि मध्ये सगळी नोकरशाही. राज्य कसं चालतं हे एका रस्त्यात कळतं. खालून गेलात तर काय दिसतं? समोरच्या माणसाचे बूट.

याहून भारी नमुना म्हणजे मॉन्युमेंट नावाचं स्टेशन. सेंट पॉल्सहून टॉवर हिलला जाणारी मंडळी बँक स्टेशनला उतरतात, तिथून लांबलचक बोळ तुडवत मॉन्युमेंटला जातात आणि पुढची गाडी पकडतात. हे मॉन्युमेंट म्हणजे कशाचं स्मारक, ते कुठे आहे, असा प्रश्न कोणालाही पडत नाही! ते बरोबर डोक्यावर आहे. १६६६ च्या आगीत जुनं लंडन जळालं, त्याच्या आठवणीसाठी १६७७ मध्ये पुरा झालेला ६१ मीटर उंचीचा दगडी खांब. आग जिथे लागली त्या पुडिंग लेनपासून तो हाकेच्या अंतरावर आहे. ३११ पायऱ्या चढून वर जाता येतं. ज्याच्या नावाने स्टेशन आहे त्याच्याच पोटाखालून आपण गाडी बदलून जातो, आणि सेंट पॉल्स ते टॉवर हे पूर्ण अंतर पायी जेमतेम अर्धा तास आहे.

इंजिनिअर मंडळींसाठी खास एक. सेंट पॉल्सहून समोरच्या टेट मॉडर्नला जायला नदीवर मिलेनियम ब्रिज आहे, फक्त चालणाऱ्यांसाठी. जून २००० मध्ये उघडला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला, कारण लोक चालायला लागल्यावर तो बाजूला हलायला लागला. पूल हलतोय म्हणून लोकांनी नकळत पावलं त्या तालात टाकली, त्यामुळे तो आणखी हलला. मग डँपर बसवून २००२ मध्ये परत उघडला. फीडबॅक लूप आणि प्रॉडक्शनमध्ये गेल्यावर सापडलेला बग, दोन्ही एका पुलावर उभं राहून बघता येतात. पण एक्सेल शीटमध्ये तो नाही. कारण पुलाला स्टेशन नाही.

नदीचंही तेच. बेकच्या नकाशात जमिनीवरची खूण म्हणून टिकली ती एकटी थेम्स. २००९ मध्ये नकाशा अजून 'स्वच्छ' करायच्या नादात तीसुद्धा काढून टाकली होती! केवढा गदारोळ झाला, महापौर बोरिस जॉन्सन यांना हस्तक्षेप करावा लागला आणि नदी परत आली. लंडनकर नदीसाठी भांडले. आपण नदीखालून चारदा गेलो तरी आपल्याला पत्ता नसतो. शिवाय ट्यूबचं जाळं मुख्यतः नदीच्या उत्तरेला आहे, दक्षिणेला स्टेशनं फारच थोडी. त्यामुळे ट्यूबने लंडन बघणाऱ्याला अर्धं शहर आहे हेच कळत नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहत होते ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. आपली माणसं जातात, आणि जायलाच हवं. पण कशी जातात? चॉक फार्मला उतरायचं, घर बघायचं, पुतळ्यापाशी फोटो, परत चॉक फार्म. त्याच घरापासून थोडं चाललं की प्रिमरोझ हिल नावाची टेकडी लागते, तिथून खालचं अख्खं लंडन दिसतं. तेवढी दहा मिनिटं शीटमध्ये नसतात. मग हॉलबर्नला जा. बाबासाहेब शिकले ती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, बॅरिस्टर झाले ती ग्रेज इन, आणि ब्रिटिश म्युझियम, जिथल्या वाचनालयात ते बसायचे, ही तिन्ही ठिकाणं हॉलबर्नच्या आजूबाजूला पायी दहा-पंधरा मिनिटांच्या आत आहेत. अर्थशास्त्र, कायदा आणि पुस्तकं, तिन्ही एका दुपारच्या फेरीत येतात. एका माणसाने इतक्या थोड्या वर्षांत एवढं कसं काय केलं याचा थोडाफार अंदाज ते अंतर पायाखाली घातल्यावर येतो. तीन वेगवेगळ्या स्टेशनांवर तीन वेगवेगळे फोटो काढून तो येत नाही.

आता नेहमीचे आक्षेप, कारण ते येणारच.

एक, "अरे पण वेळ कुठे असतो?" वेळ वाचतच नाही, वर हिशोब दिलाय. मध्य लंडनमध्ये एक-दोन स्टेशनांसाठी खाली उतरणं, चालणं, थांबणं, परत वर येणं धरलं तर पायी जाणारा बहुतेक वेळा बरोबरीने नाहीतर आधीच पोचतो.

दोन, "थंडी आणि पाऊस." मान्य. पण त्यासाठी लाल डबलडेकर बस आहे. वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची सीट पकडा, समोर सिनेमाच्या पडद्याएवढी काच. भाडं ट्यूबपेक्षा कमी, आणि २०१८ पासून एका तासात कितीही बस बदला, एकच भाडं पडतं. वेगळ्या टुरिस्ट बसची गरजच नाही.

तीन, आणि हा सगळ्यात भावनिक, "आई-बाबा आलेत, त्यांना कुठे एवढं चालवायचं?" याचं मला खरोखर वाईट वाटतं. माझ्या एका सहकाऱ्याचे आई-बाबा उन्हाळ्यात आले होते. पहिलाच परदेश प्रवास, कित्येक वर्षं ठरवत होते. मुलाने मोठ्या प्रेमाने त्यांना दोन दिवसांत सगळं दाखवलं, ट्यूबने. रात्री जेवताना मी विचारलं, "काकू, कसं वाटलं लंडन?" तर म्हणाल्या, "छान आहे रे, पण जिने फार." बिचाऱ्या तक्रार करत नव्हत्या, त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. ट्यूबच्या २७२ स्टेशनांपैकी जिथे रस्त्यापासून एकही पायरी न चढता-उतरता जाता येतं अशी स्टेशनं साधारण एक तृतीयांशच आहेत. उलट बस फुटपाथला टेकते, रॅम्प असतो, बसायला जागा मिळते आणि खिडकीतून गाव दिसतं. म्हणजे गुडघे दुखणाऱ्या माणसाला ट्यूबने फिरवणं हे प्रेमापोटी केलेलं असलं तरी उलटंच आहे. आपले आई-बाबा लंडनला दहा वेळा येणार नाहीयेत. बहुतेकांचे एकदाच येतात. त्या एका वेळेत त्यांना बोगदे दाखवायचे का?

चार, "ट्यूब स्वतःच बघण्यासारखी आहे." हे मात्र शंभर टक्के मान्य. बेकर स्ट्रीटला १८६३ चे मूळ प्लॅटफॉर्म अजून वापरात आहेत, विटांच्या कमानींसकट. वेस्टमिन्स्टरचं १९९९ चं ज्युबिली लाईनचं स्टेशन आतून एखाद्या अजस्र मशीनसारखं दिसतं. एंजलचा ६० मीटर लांब सरकता जिना बघा. आणि निम्म्याहून जास्त ट्यूब तर जमिनीवरूनच धावते, डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात जाताना खिडकीतून घरांची परसं, वाळत घातलेले कपडे, सगळं दिसतं. तेव्हा ट्यूब बघायची तर ती बघायची गोष्ट म्हणून बघा, डोळे उघडे ठेवून. इथून तिथे टेलिपोर्ट व्हायचं बटण म्हणून नको.

माझा नियम सोपा आहे. दिवसातून दोनदाच ट्यूब. सकाळी घरून शहरात जायला आणि रात्री शहरातून घरी यायला. मधलं सगळं पायी किंवा बसने. यादीतली दहा ठिकाणं चार होतील, होऊ देत. चार ठिकाणं एकमेकांना जोडलेली तरी लक्षात राहतील.

आणि चालण्याचं महत्त्व आपल्याला बाहेरच्या कोणी सांगावं असं तर मुळीच नाही. आळंदीहून पंढरपूरला एसटी काही तासांत पोचवते. तरी लाखो माणसं दरवर्षी दोन-तीन आठवडे चालत जातात. वाट हाच देवदर्शनाचा भाग आहे हे आपल्या पणजोबांना माहीत होतं. आपण मात्र मिनिटांचा कॉलम करून बसलोय.

हे सगळं फक्त ऑनसाईटवाल्यांसाठी आहे असं समजू नका. मुंबईची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. पुण्यात सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत जमिनीखालून जाता येतं. फार चांगलं झालं, रोज लोकलला लटकणाऱ्याला विचारा. पण आता पाहुणे आले की आपण काय करणार? हुतात्मा चौक ते सीएसएमटी एक स्टेशन जमिनीखालून नेणार, की डी. एन. रोडच्या कमानींखालून, फुटपाथवरच्या विक्रेत्यांमधून चालवत नेणार? कसबा पेठ ते मंडई बोगद्यातून, की दगडूशेठ आणि तुळशीबागेवरून? लंडनच्या लोकांना नकाशाने फसवायला नव्वद वर्षं मिळाली. आपल्याकडे सुरुवातच आहे, अजून सवय लागलेली नाही.

तेव्हा लोकहो, पुढचा वीकेंड मोकळा असेल तर दोन स्टेशनं आधी उतरा, आणि वर या. पास वसूल नाही झाला तरी चालेल.